पत्ता भाड्याचा, मुदत चोवीस तासांची

मुंबईच्या माणसाला पत्त्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पागडीची खोली, अकरा महिन्यांचा लीव्ह-लायसन्सचा करार, म्हाडाची सोडत आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, एवढ्या चार गोष्टींभोवती या शहरातल्या कितीतरी संसारांची कहाणी फिरत असते. करार संपत आला की मालकाला वेळेवर गाठायचे, त्याने हो म्हटले की सुटकेचा नि:श्वास टाकायचा आणि नाही म्हटले तर बिऱ्हाड उचलायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु आपल्याच घरात भिंतीवर टांगलेली, हिरवे दिवे लुकलुकवणारी जी इंटरनेटची पेटी असते, तीही अशीच एक भाडेकरू आहे आणि तिचा करार अनेकदा अवघ्या एका दिवसाचा असतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. कारण तिचे नूतनीकरण आपल्या नकळत होत राहते. ते व्हायचे थांबले म्हणजेच आपल्याला त्याचा पत्ता लागतो.

आमच्या घरी गेल्या वर्षी ते थांबले. त्यातून आम्ही जे शिकलो, ते घरोघरी उपयोगी पडावे असे वाटते, म्हणून हा प्रपंच.

मी मढला राहतो. ज्यांनी मढ फक्त सिनेमात पाहिले असेल त्यांच्यासाठी सांगतो, वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पाच-दहा मिनिटांत आमच्या गावाला पाय लागतो. पण बोट चुकली तर अंधेरीहून मालाड, मालाडहून मार्वे रोड, मग आक्सा, एरंगळ असा भला मोठा वळसा घालून यावे लागते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही आमचा जीव थोडा बेटावरचाच. आणि गंमत अशी की, समोरच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या तळातून आलेल्या आंतरराष्ट्रीय केबल जमिनीवर चढतात. देशाचा परदेशाशी चालणारा कितीतरी संवाद त्या वाळूखालून जातो. आमच्या धक्क्यावरून तो किनारा दिसतो. तरीही आमच्या घरातले नेट रोज रात्री नऊच्या पुढे जात होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नेट जाणे ही तशी किरकोळ गोष्ट. सिनेमा अडकला, क्रिकेटचा सामना थांबला, एवढेच. पण आमच्या सूनबाई एका परदेशी कंपनीचे काम घरातून करतात. त्यांचा दिवस संध्याकाळी पाचला सुरू होतो आणि रात्री एकला संपतो. तिकडच्या साहेबांबरोबरची रोजची बैठक आपल्या घड्याळाने रात्री नऊ ते दहा. नेमके त्याच तासात नेट जायचे. पहिल्या दोन वेळी साहेब हसले. पाचव्या वेळेनंतर त्यांनी सौम्य शब्दांत विचारले, की तुम्ही अंधेरीच्या ऑफिसात बसून काम करणे सोयीचे होईल का? सोयीचे म्हणजे काय, तर रात्री एकला अंधेरीहून निघायचे. त्या वेळी बोट नाही, म्हणजे मालाडचा वळसा. घरात चार वर्षांची मुलगी. सूनबाई त्या रात्री जेवताना म्हणाल्या, “बाबा, असं असेल तर मला नोकरी सोडावी लागेल.” इंटरनेटची तक्रार त्या दिवसापासून आमच्या घरात किरकोळ राहिली नाही.

भरतीचा संशय

घरात जितकी डोकी तितकी निदाने झाली. मुलाचे म्हणणे, प्लॅन बदलायला हवा. माझे म्हणणे, खारा वारा. मढला पंखा गंजतो, खिळा गंजतो, मग वायरीचे सांधे का नाही? ग्राहक सेवेला फोन करावा तर पलीकडून गोड आवाजात एकच मंत्र मिळे : पेटी बंद करून पुन्हा चालू करा. तसे केले की नेट येई. आले की तक्रार ‘निकाली’.

टेक्निशियन एकदा येऊनही गेला. दुपारी आला, त्या वेळी नेट व्यवस्थित चालू. त्याने फायबरचे टोक काढून मीटरला लावले, आकडा उणे एकवीस आला. “काका, लाइट एकदम चांगला आहे,” असे म्हणून तो गेला. त्याचे खोटे नव्हते. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा बारीक धागा. त्यातून प्रकाश येतो. रस्त्यावरच्या एका धाग्यातला प्रकाश विभाजकाने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. आपल्या वाट्याला आलेला प्रकाश पुरेसा आहे की नाही हे तो मीटर सांगतो. आमचा पुरेसा होता. पण घरात वीज असणे आणि घर आपल्या नावावर असणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी, तसेच फायबरमध्ये प्रकाश असणे आणि पेटीला पत्ता असणे याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीची बहुतेक गाडी पहिल्या गोष्टीवरच अडकते.

वाट सापडली ती शेजारच्या तांडेलांमुळे. त्यांचे सारे आयुष्य बोटीवर गेलेले. एका संध्याकाळी ओटीवर बसून ते म्हणाले, “तुमचं नेट भरतीसारखं रोज पुढं पुढं सरकतंय बघा.” मी भिंतीवरचे कॅलेंडर काढले. सूनबाईंनी रोजची वेळ त्याच्या चौकटींत लिहून ठेवली होती : ९.०५, ९.१४, ९.२२, ९.३३, ९.४१. खरेच की, रोज थोडे पुढे! खाडीचे पाणी कुठे चढत असेल, एखादा सांधा भिजत असेल, असे क्षणभर वाटून गेले. पण तांडेलांनीच मान हलवली. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. हे तर आठ-दहा मिनिटांनीच सरकत होते. समुद्राचा हिशेब काही जुळेना.

तो जुळला वेगळ्याच दिवशी. वसईला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. परतायला उशीर झाला. नेट नेहमीप्रमाणे बंद पडलेले होते. मुलाने पेटी बंद करून चालू केली, तेव्हा घड्याळात रात्रीचे अकरा पन्नास झाले होते. दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले, दहा वाजून गेले, बैठक सुखरूप संपली. सूनबाई खूश. आणि बरोबर अकरा पन्नासला नेट गेले.

म्हणजे हे घड्याळ समुद्राचे नव्हते, वाऱ्याचेही नव्हते. आम्ही पेटी चालू केली की चोवीस तासांचे मोजमाप सुरू होत होते. रोज नेट गेल्यावर पेटी बंद-चालू करायला आठ-दहा मिनिटे लागत, म्हणून वेळ तेवढीच पुढे सरकत होती. मुलाने पेटीच्या आतले पान उघडून पाहिले. तिथे एका ओळीत ‘लीज टाइम’ असे लिहिले होते आणि त्यापुढे आकडा होता ८६,४००. एका दिवसात नेमके तेवढे सेकंद असतात.

भाडेपट्टा का लागतो?

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. मी आयुष्यभर पोस्टात काम केले; पत्ता नसलेल्या पत्राचे काय होते हे मला कोणी सांगायला नको. इंटरनेटचा पत्ता म्हणजे चार आकड्यांचा एक गट, त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात. १९८१ साली जी पद्धत लेखी स्वरूपात पक्की झाली, तिच्यात अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. त्या वेळी ती अफाट वाटली. आज जगाची लोकसंख्या त्याहून कितीतरी अधिक आहे आणि एकेका घरात फोन, टीव्ही, लॅपटॉप अशी पाच-सात यंत्रे आहेत. जागतिक संस्थेकडचा पत्त्यांचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला.

जागा थोडी आणि माणसे फार, तेव्हा मुंबईने जे केले तेच इंटरनेटने केले. पत्ते विकायचे नाहीत, भाड्याने द्यायचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरचा टेलिफोनवरून नेट जोडण्याचा काळ अनेक वाचकांना आठवत असेल. मोडेम किरकिरायचा, फोन लागला की पत्ता मिळायचा, फोन ठेवला की तो दुसऱ्याला जायचा. आता जोडणी कायमची आहे, फोन ठेवणे हा प्रकारच नाही. मग रिकामे झालेले पत्ते परत कसे घ्यायचे? त्याचे उत्तर म्हणजे मुदतीचा भाडेपट्टा. या व्यवहाराचे नियम डीएचसीपी या नावाने ओळखले जातात. अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक राल्फ ड्रोम्स यांनी त्यांचा मसुदा लिहिला. पहिला १९९३ सालचा आणि आज जो पायाभूत मानला जातो तो १९९७ सालचा.

व्यवहार साधा आहे. पेटी चालू झाली की ती दवंडी पिटते : मला पत्ता हवा आहे, कोणी देणारा आहे का? कंपनीचा पत्ते वाटणारा संगणक सांगतो : हा पत्ता रिकामा आहे, घेतेस का? पेटी म्हणते : घेते. संगणक शिक्का मारतो : दिला, इतक्या तासांसाठी. ही चार वाक्ये पुरी व्हायला एखादा सेकंदही पुरतो.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. शहाणा भाडेकरू कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाही. पेटीही थांबत नाही. मुदत अर्धी झाली की ती त्याच संगणकाला थेट नावाने पत्र धाडते : मुदत वाढवून द्या. चोवीस तासांचा करार असेल तर हे बाराव्या तासाला होते. उत्तर आले की घड्याळ पुन्हा शून्यावर. उत्तर आले नाही तर पेटी मधूनमधून विचारत राहते. मुदतीचे सात-अष्टमांश, म्हणजे एकवीस तास झाले तरी उत्तर नसेल, तर ती नावाचे पत्र सोडून पुन्हा दवंडी पिटते : कोणीही असा, पण माझी मुदत वाढवा. तेही साधले नाही आणि चोवीस तास भरले, तर पत्ता सोडून द्यावा लागतो आणि अगदी पहिल्यापासून हाक मारावी लागते. म्हणजे नियम करणाऱ्यांनी दोन वेळा सावध करण्याची आणि शेवटी नव्याने उभे राहण्याची सोय करून ठेवली आहे. हे सगळे नीट चालते, म्हणूनच आपल्याला भाडेपट्टा असल्याचेही कळत नाही.

मग बिघडते कुठे?

पहिली दवंडी आणि नंतरचे नावाचे पत्र या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्याने जात नाहीत, ही यातली मेख आहे. पेटीची दवंडी गल्लीपुरतीच ऐकू जाते; तेथून पुढे कंपनीचा एक मध्यस्थ ती उचलून लांबच्या संगणकापर्यंत पोचवतो. मुदतवाढीचे पत्र मात्र मध्यस्थाला वगळून थेट त्या संगणकाकडे जाते. त्या थेट रस्त्यावर कोणी सुरक्षेसाठी नाका बसवला आणि त्या नाक्याच्या यादीत ही पत्रे लिहायची राहिली, तर नवा पत्ता बिनबोभाट मिळतो आणि जुन्याची मुदत मात्र वाढत नाही. ‘बंद करून चालू करा’ हा मंत्र का लागू पडतो, ते यावरून ध्यानात येईल. चालू करताच पेटी पत्र सोडून दवंडीच्या रस्त्याने जाते आणि तो रस्ता मोकळा असतो. रोग जागच्या जागी राहतो, ताप तेवढा उतरतो. शिवाय बहुतेक पेट्यांमधली आतली नोंद बंद करताच पुसली जाते, म्हणजे पुरावाही आपल्याच हाताने जातो.

आमच्याकडे तसेच झाले होते. कॅलेंडरवरच्या वेळा हाताशी घेऊन मी पुन्हा फोन केला आणि ‘नेट जाते’ एवढेच न म्हणता सांगितले, की भाडेपट्टा चोवीस तासांचा आहे, मुदतवाढ होत नाही, या घ्या अकरा दिवसांच्या वेळा. पलीकडे थोडी शांतता झाली आणि फोन दुसऱ्या माणसाकडे गेला. दोन दिवसांनी विभागीय कचेरीतला एक तरुण इंजिनीअर आला. त्याने पेटी बंद न करता तिची नोंद वाचली. बाराव्या तासाला पत्र गेले होते, उत्तर नव्हते. पुन्हा गेले, पुन्हा उत्तर नव्हते. त्यानंतर एकविसाव्या तासाची दवंडी व्हायला हवी होती, ती झालीच नव्हती आणि मुदत संपल्यावरची नवी हाकही नव्हती. पेटी रुसून बसली होती.

म्हणजे दोष दोन होते. कंपनीच्या बाजूला नाक्याचा, तो बहुधा बराच जुना. पण आमची आधीची पेटी एकविसाव्या तासाला दवंडी पिटून वेळ मारून नेत होती, त्यामुळे कोणाला कळले नाही. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने पेटी बदलून दिली. नव्या पेटीच्या आतल्या प्रणालीत खोट होती, म्हणून जुना दोष उघडा पडला. नाक्याची यादी कचेरीत दुरुस्त झाली, पेटीची प्रणाली तिथूनच नवी चढवली गेली. फायबरला, भिंतीला, सांध्याला कोणी हातही लावला नाही. खाऱ्या वाऱ्याची निर्दोष मुक्तता झाली.

आणि दुरुस्ती होईपर्यंतच्या काळात नोकरी कशी टिकली? त्याचे श्रेय घड्याळाला. चोवीस तासांचे चक्र कळताच मुलाने रोज सकाळी सात वाजता, चहाच्या वेळी, पेटी बंद-चालू करण्याचा रिवाज घातला. मग मुदत संपायची तीही सकाळी सातला, जेव्हा बैठक नसते आणि साहेब झोपलेले असतात. रोग बरा न करता त्याची वेळ बदलली. पण सूनबाईंना अंधेरीच्या ऑफिसात बसायला पुन्हा कोणी सांगितले नाही.

घरच्या घरी पाहण्यासारखे

प्रत्येक वेळी नेट जाते ते भाडेपट्ट्यामुळेच, असे मुळीच नाही. पण कुठे अडले आहे हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. पुढच्या गोष्टी कोणत्याही घरात पाहता येतील.

प्रथम दिवे पाहावेत. ‘लॉस’ या अक्षरांखाली लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच येत नाही. धागा तुटला, वाकला किंवा उंदराने कुरतडला. तिथे पत्त्याचा प्रश्नच नाही, सरळ तक्रार करावी. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल आणि तरी इंटरनेट नसेल, तर धागा ठीक आहे, अडचण पुढची आहे.

मग आपल्या फोनला कोणता पत्ता मिळाला आहे ते वाय-फायच्या तपशिलात पाहावे. घरात भाडेपट्टे दोन पातळ्यांवर असतात हे विसरू नये. कंपनी पेटीला पत्ता देते. पेटी आपल्या फोन-टीव्हीला घरगुती पत्ते देते, जसे भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवावेत. फोनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर पेटी आपले घरगुती काम करते आहे. लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राला कोणीच पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वत:च एक तात्पुरता घेतला आहे. अशा वेळी कंपनीवर रागावण्याआधी घरातली पेटी पाहावी.

तिसरी गोष्ट, पेटीचे आतले पान. तिथे ‘वॅन’ नावाच्या भागात कंपनीने दिलेला पत्ता असतो. तो रिकामा असेल किंवा चारही शून्ये असतील, तर पत्ता मिळालेला नाही. पत्ता असूनही नेट नसेल, तर बिघाड निराळा. (काही जोडण्यांत डीएचसीपीऐवजी नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी होते. त्या ठिकाणी ‘पीपीपीओई’ असे लिहिलेले दिसेल. तिथे भाडेपट्ट्याची ही कथा लागू नाही.) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर दचकू नये. तो चाळीच्या सामायिक नळासारखा, अनेक घरांत मिळून वापरायच्या व्यवस्थेतला पत्ता आहे.

आणखी एक चकवा सांगतो. यूट्यूब चालते, पण बँकेचे पान उघडत नाही, असे काही घरांत होते आणि मग बँकेला शिव्या मिळतात. आता पत्त्यांची आयपीव्ही६ ही नवी, कितीतरी मोठी पद्धत आली आहे आणि तिच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे. अनेक जोडण्यांना जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते मिळतात. जुन्याची मुदत गेली आणि नव्याची शाबूत असली, तर नवी पद्धत जाणणारी संकेतस्थळे उघडतात आणि उरलेली उघडत नाहीत. अर्धे नेट चालणे हीही पत्त्याच्या बिघाडाची एक खूण असू शकते.

पेटी बदलल्यावर नेट येत नसेल, तर तेही बहुधा याच घराण्यातले दुखणे. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक ओळखक्रमांक मिळालेला असतो आणि काही कंपन्या त्या क्रमांकाच्याच नावाने करार करतात. जुन्या पेटीचा करार अजून जिवंत असेल, तर नवीला दारात उभे करत नाहीत. कंपनीला सांगून जुनी नोंद काढून घ्यावी. घरात वाय-फाय लांब पोचावे म्हणून कोणी दुसरा राउटर आणून भलत्याच भोकात वायर घातली, तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि कोणाचा शब्द चालायचा हे फोनला कळत नाही. नेट येते-जाते, तेही एकाच खोलीत. असे दिसले की ही शंका घ्यावी.

वीज जाऊन आल्यावर मात्र थोडा दम धरावा. साऱ्या गल्लीतल्या पेट्या एकदम जाग्या होतात आणि एकदम हाका मारतात. उत्तर नाही आले तर पेटीने चार सेकंदांनी, मग आठ, मग सोळा असे थांबत थांबत पुन्हा विचारावे, असे नियमातच सांगितले आहे. आपण अधीर होऊन दर मिनिटाला बटण दाबले, तर ती बिचारी प्रत्येक वेळी रांगेच्या शेवटी जाते. दहा मिनिटे वाट पाहिलेली बरी. आणि पेटीच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने पेटी नुसती बंद-चालू होत नाही, तिच्यातल्या साऱ्या जुळण्या पुसल्या जातात आणि माणूस येईपर्यंत घर कोरडे राहते.

वेळ लिहून ठेवा

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी साधन कोणते, असे मला कोणी विचारले तर मी पेन्सिल म्हणेन. पेटी बंद करण्याआधी घड्याळ पाहावे, वेळ लिहावी, दिव्यांचा आणि आतल्या पानाचा फोटो काढावा; मगच बटण दाबावे. पेटी पुन्हा चालू झाल्याची वेळही लिहावी, कारण पुढचे मोजमाप तिथून सुरू होते. चार-पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की अंतर पाहावे. अंतर ठरावीक निघाले, तर मुदतवाढ अडली असण्याची दाट शक्यता आहे. अंतर वेडेवाकडे असेल, तर धागा, वीज किंवा वाय-फाय यांच्याकडे पाहावे. पाऊस पडला की जाते, दुपारी ऊन चढले की जाते, अशीही उत्तरे नोंदींतून निघतात.

तक्रार करताना क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ साली ग्राहकांच्या तक्रारींसंबंधी जे नियम केले, त्यांत सेवा देणाऱ्या कंपनीने प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावा आणि निकालाने समाधान न झाल्यास ग्राहकाला कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता यावे, अशी तरतूद आहे. प्राधिकरण स्वत: एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही, हेही ठाऊक असलेले बरे, नाहीतर महिनाभर पत्रे लिहून माणूस थकतो. तक्रार ‘निकाली’ काढल्याचा संदेश आला आणि दुखणे कायम असेल, तर नवा क्रमांक न घेता आधीच्या क्रमांकाचा हवाला देत राहावे. अकरा सुट्या तक्रारींपेक्षा अकरा वेळा झालेली एक तक्रार अधिक बोलते.

यात तरुण टेक्निशियनांचा दोष फारसा नसतो, असे माझे मत झाले आहे. त्यांना दिवसाला किती घरे करायची ते ठरवून दिलेले असते, हातात प्रकाशाचा मीटर असतो, आणि त्यांच्या मीटरमध्ये न दिसणारा आजार घेऊन आपण उभे असतो. डॉक्टरकडे जाऊन नुसते ‘बरे वाटत नाही’ म्हणणारा रोगी आणि तापाचा तक्ता घेऊन जाणारा रोगी यांत जो फरक, तोच इथेही आहे. आमच्याकडे आलेला इंजिनीअर जाताना कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो घेऊन गेला. एकट्या घराची रड समजून बाजूला पडलेली तक्रार त्या पानामुळे साऱ्या विभागाची ठरली. नाक्याची यादी दुरुस्त झाली ती आमच्या एकट्यासाठी झाली नाही. ज्यांच्या पेट्या अजून दवंडी पिटून वेळ मारून नेत होत्या, त्या घरांना आपले काही दुरुस्त झाले हे कधी कळणारही नाही.

रविवारचा दिवस आहे. चहा झाल्यावर घरातल्या कोणाला तरी पेटीचे आतले पान उघडायला सांगा आणि तीन गोष्टी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा : जोडणी कोणत्या प्रकारची आहे, भाडेपट्टा किती तासांचा आहे आणि सर्व ठीक असताना कोणते दिवे कसे लागलेले असतात. पाच मिनिटांचे काम आहे. ते नेट चालू असतानाच करायचे असते. गेल्यावर सगळेच घाईत असतात.